शाकारलेली फियाट

आमच्या परड्यात गाडी ठेवून मोरेश्वर भाऊजींचा काय काय फायदा होणार होता, याचा हिशेब मी त्यांची कपबशी विसळता विसळताच मांडला होता. मुंबईत बिल्डिंगखाली तीन महिने उभी ठेवली असती, तर पोरांनी तिच्या धुळीवर क्रिकेटचा स्कोअर लिहिला असता. गॅरेजात ठेवली असती, तर गॅरेजवाल्यानं ती मेव्हण्याच्या वरातीत फिरवली असती. आमच्याकडे जागा फुकट, राखण फुकट, आणि गरीब भावावर विश्वास टाकल्याचं समाधान, तेही फुकटच.

"कुमुद, गाडी नुसती ठेवायची नाही. सांभाळायची," भाऊजी म्हणाले. हे माझे थोरले दीर. मुलाकडे अमेरिकेला तेरा आठवड्यांसाठी निघाले होते आणि त्याआधी खास गाडी पोचवायला आडबंदरला आले होते. "हा कागद घे. सतरा मुद्दे आहेत. सतराही महत्त्वाचे. पण पहिला विसरलात तर उरलेले सोळा वाचूसुद्धा नका."

कागद टाइप केलेला होता. पहिला मुद्दा : दर रविवारी इंजिन पंधरा मिनिटं चालू ठेवणे.

"आणि ही तेरा हवाई पत्रं. तिकीट लावलंय, पत्ता घातलाय. दर रविवारी इंजिन बंद केलं की दोन ओळी लिहायच्या आणि पेटीत टाकायचं."

"मजकूरही छापूनच आणायचा होता," मी म्हटलं. आमच्या ह्यांनी माझ्याकडे बघून डोळे मोठे केले.

ह्यांना घाबरायला कारण होतं. आम्ही तेव्हा मच्छीमार सोसायटीच्या बर्फाच्या गोदामावर एका खोलीत राहत होतो. मी सोसायटीत कारकून, हे प्राथमिक शाळेत मास्तर. खालून बारा महिने गारवा यायचा, भिंतींना घाम सुटायचा, आणि आमच्या सुमीचा खोकला माघापासून मोडला नव्हता. गावात आम्हा मयेकरांची म्हणून एकच जागा उरली होती, समुद्राकडेचं परडं. अकरा माड आणि वाळूमिश्रित माती. तिथे दोन खोल्या बांधायच्या तर वाटपाच्या कागदावर भाऊजींची सही हवी होती, आणि तो कागद चार वर्षं ह्यांच्या पेटीत घडी घालून पडला होता.

"तुझा तो कागद माझ्या लक्षात आहे, बाबू," भाऊजी ह्यांना म्हणाले. "परत आल्यावर गाडी आत्ता आहे तशी मिळाली, की तिच्या बॉनेटवर ठेवूनच सही करतो. झालं?"

मग त्यांनी टाकी काठोकाठ भरल्याचं दाखवलं, पेट्रोलचा काटा जिथे टेकला होता तिथे काचेवर पेनानं बारीकशी खूण केली, आणि रिक्षात बसून एस.टी. स्टँडवर गेले. ती खूण मी बघितली होती. तिचा अर्थ तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. हिशेबातली माणूस म्हणवून घेते मी.

तो गुरुवार होता. शनिवारी आम्हाला माझ्या भावाच्या लग्नाला आजऱ्याला जायचं होतं, आठ दिवस. आभाळ लवकर भरून येईलसं दिसत होतं. म्हणून जाताना मी परड्याला लागून असलेल्या खारवी वाडीत धाकूतात्याकडे गेले.

धाकूतात्या पालशेतकर म्हणजे एके काळचा नावाजलेला तांडेल, होडीचा कप्तान. सत्तरीला आलेला. त्याच्या मुलांनी फायबरची होडी घेतली होती. ती पावसाळ्यात नुसती ओढून वर ठेवली की झालं, वर ताडपत्री. जुन्या लाकडी होड्या पावसाळ्याआधी शाकारून, म्हणजे झाकून-बांधून, ठेवण्यात तात्याचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि आता शाकारायला होडीच उरली नव्हती. म्हातारा दिवसभर ओट्यावर बसून दुसऱ्यांच्या गाठी कशा चुकतात ते सांगायचा.

"तात्या, परड्यात भाऊजींची गाडी आहे. पाऊस लागायच्या आत तिच्यावर झावळ्यांचे झाप टाकून ठेवाल?"

"झाप?" तात्या उठून उभाच राहिला. "किती म्हयने?"

"नारळी पुनवेपर्यंत."

"जा तू लग्नाला. बिनघोर जा."

पहिल्या रविवारी इंजिन चालू करायच्या वेळी आम्ही आजऱ्यात पंगतीत बसलो होतो.

परत आलो तेव्हा पहिल्या सरी येऊन गेल्या होत्या. परड्यात गाडी नव्हती. दोन माडांच्या मधोमध झावळ्यांच्या विणलेल्या झापांचा एक नीटस ढीग होता, चहूबाजूंनी काथ्याच्या दोरीनं आवळलेला. जवळ जायच्या आधीच माझ्या नाकानं ओळखलं की काहीतरी भलतं झालंय.

"तात्या! गाडी कुठाय?"

"ही काय. व्यवस्थित हाय." तात्या ढिगाच्या कडेला बसून विडी ओढत होता. दहा वर्षांनी तरुण दिसत होता.

"हा वास कसला?"

"मुशीचं तेल. दोन डबे लागले. खालनं, वरनं, दारांच्या फटीत, समद्या बिजागऱ्यांत. हात घालून चोळलंय बाय, पोराला चोळावं तसं."

आमचे हे वाऱ्याची बाजू बघून माडाच्या पलीकडे गेले. मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, काळजाचं तेल होडीच्या लाकडाला लावतात. त्याचा वास ज्यानं घेतलाय त्याला सांगायला नको, ज्यानं घेतला नाही त्याला सांगून उपयोग नाही.

"मी नुसते झाप टाकायला सांगितले होते," मी म्हटलं.

"नुसते झाप कोन टाकतो? आत ओल धरली म्हंजे? होडी शाकारायची म्हंजे शाकारायची. चाकं भुईला टेकली असती तर कुजली असती, म्हनून गाडी ओंडक्यांवर चढवली. बारा गडी लागले. बॅटरी काडली, तुज्या सोसायटीत ठेवलीय. म्हयन्याला एकदा तिला चार्जिंगला लाव, बोटींच्या लावतेस तशी. आनि तोंड दर्याकडे केलंय."

"तोंड कशाला दर्याकडे?"

तात्यानं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी पान वाढताना मीठ कुठे वाढायचं ते विचारलं होतं. "पाठ करून ठेवतात काय कोन?"

मी सतरा मुद्द्यांचा कागद काढला आणि पहिला मुद्दा मोठ्यानं वाचून दाखवला. तात्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"नाय जमायचं."

"तात्या, दर रविवारी पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. वरचे चार झाप बाजूला करायचे—"

"नारळ फोडून बांदलीय ती. बांदलेली होडी पुनवेबिगर उगडत नाय."

"ही होडी नाही हो!"

"मंग काय हाय? लोखंड हाय. आनि खारा वारा हाय. तुज्या दिराला इंजान ठावं आसल, वारा ठावा नाय. दर आठवड्याला उगडशील, दर आठवड्याला आत ओल घेशील. तुजी गाडी, तुजा दीर. सोड दोऱ्या. पन मंग माजं नाव घ्यायचं नाय."

मी दोरीच्या गाठीकडे बघितलं. मग ह्यांच्याकडे. मग मनातल्या मनात दोन रकाने पाडले. एका बाजूला माझे दीर, ज्यांनी आयुष्यभर कंपनीत पंख्यांची आवक-जावक सांभाळली होती. दुसऱ्या बाजूला हा म्हातारा, ज्यानं शाकारलेली एकही होडी कुजली नव्हती, हे सोसायटीच्या दुरुस्तीच्या रजिस्टरात मी स्वतः बघितलं होतं. शिवाय उघडली, तर तेलाचं काय सांगायचं? तेल लावून झालं होतं. आता उघडली तर वासही मिळणार आणि गंजही.

"राहू दे बांधलेली," मी म्हटलं.

"आणि पत्रं?" ह्यांनी विचारलं.

"पत्रं मी लिहीन."

आमचे हे सत्यवचनी माणूस. त्या रात्री जेवताना म्हणाले, "मी खोटं लिहिणार नाही, कुमुद."

"तुम्हाला कुणी सांगितलंय?"

भात कालवत म्हणाले, "चिकटवून मात्र देईन. तू डिंक फार लावतेस."

तेरा रविवार मी लिहीत गेले. 'सा. न. गाडी पंधरा मिनिटं चालू ठेवली. आवाज उत्तम.' पाचव्या-सहाव्या पत्रापासून माझी लेखणी सैल सुटली. 'आज सुरुवातीला थोडी कुरकुरली, मग सुरळीत.' 'सुमीला हॉर्न वाजवायचा होता, पण मुद्दा क्रमांक अकरा दाखवला.' ही पत्रं पेटीत टाकायला जाताना वाटेवर तात्याचा ओटा लागायचा.

"लिवलंस?" तो विचारायचा.

"लिहिलं."

"कितवं?"

"सातवं."

तात्या मान हलवायचा आणि विडीचं थोटूक भिंतीला विझवायचा. पापपुण्याबद्दल अवाक्षर नाही.

परड्यात मात्र भलताच उद्योग चालला होता. तेलाच्या वासानं वाडीतली झाडून सगळी मांजरं गाडीखाली राहायला आली होती. मी एकदा मोजली, नऊ भरली. त्याच पावसाळ्यात बंदरावरच्या कंत्राटदाराची जीप, पक्क्या शेडमध्ये कुलपात ठेवलेली, उंदरांनी आतून पोखरली. एक वायर धड उरली नाही. आमच्या नऊ मांजरांच्या पहाऱ्यातून उंदीर काय, मुंगी गेली नसती.

नारळी पुनवेला सकाळीच रिक्षा आली. भाऊजी आणि जाऊबाई उतरले. भाऊजी अमेरिकेतून नवा कोट घेऊन आले होते आणि तो श्रावणातल्या उकाड्यात अंगात घालून आले होते. जाऊबाईंनी उतरल्या उतरल्या पदर नाकाला लावला.

"गाडी?" भाऊजींनी विचारलं.

तात्या कोयता घेऊन तयारच होता. त्यानं दोऱ्या कापल्या, मुलांनी ओंडके काढून गाडी खाली टेकवली, झाप बाजूला झाले. मांजरं एकामागून एक आळस देत बाहेर पडली. जाऊबाई मोठ्यानं मोजत होत्या, सातपर्यंत पोचून त्यांनी नाद सोडला.

भाऊजींनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. बोट फिरवलं, बोट हुंगलं, कोट काढून जाऊबाईंकडे दिला. वाकून खालून बघितलं. गंजाचा ठिपका नव्हता. दार उघडलं, ते कुरकुरलंसुद्धा नाही. आतल्या गाद्या कोरड्या ठणठणीत. तोवर ह्यांनी बॅटरी आणून बसवली. भाऊजींनी किल्ली फिरवली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा गाडी अशी धडधडली की माडावरचे कावळे उडाले.

वाडीतली माणसं नटूनथटून दर्यावर निघाली होती, ती सगळी कुंपणाशी थांबली होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

भाऊजी हसले. खरोखर हसले. "वास जाईल हळूहळू. पण गाडी मानली पाहिजे. आण रे बाबू तुझा कागद."

हे धावत आले. भाऊजींनी खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं, आणि समोर बघितलं.

पेट्रोलचा काटा पेनाच्या खुणेवर होता. अगदी खुणेवर.

"कुमुद."

"काय भाऊजी?"

"तेरा गुणिले पंधरा?"

मी काट्याकडे बघितलं.

"एकशे पंच्याण्णव मिनिटं. म्हणजे सव्वातीन तास इंजिन चाललं. आणि पेट्रोल?" त्यांनी हातातल्या पिशवीतून निळ्या पत्रांचा गठ्ठा काढला. रबरबँड लावलेला. "अकरा मिळाली, दोन अजून वाटेत असतील. 'सुरुवातीला थोडी कुरकुरली, मग सुरळीत.' कोण कुरकुरलं?"

"खोटं लिहिलं मी," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? "गाडी एकदाही उघडली नाही."

"एकदाही?"

"एकदाही. म्हणून धड राहिली."

हे मी म्हणायला नको होतं. माणसाची चूक दाखवायची असेल तर त्याच्या सहीनंतर दाखवावी. भाऊजींनी पेनाचं टोपण लावलं. आवाज आला, टक्. "खोटं लिहिणाऱ्याला मी जमिनीचा कागद देत नसतो. बाबू, ठेव तो पेटीत परत." मग जाऊबाईंकडे बघून, "बस गाडीत."

"मी? ह्यात?"

"बस म्हणतो ना!"

त्यांनी गिअर टाकला. मागची चाकं जागच्या जागी फिरली, चिखल उडाला, आणि गाडी अर्धा हात खाली रुतली. पुन्हा प्रयत्न. आणखी चार बोटं. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून भाऊजी वाडीकडे बघून म्हणाले, "जरा हात लावा रे. रस्त्यापर्यंत."

वीस-पंचवीस गडी आले. मागे, बाजूंना, सगळ्यांनी हात लावले. आणि तसेच उभे राहिले.

"लावा की जोर!"

"तात्या सांगंल तवा," कुणीतरी म्हणालं.

धाकूतात्या पुढे आला. डोक्याला तांबडं फडकं, हातात दर्याला द्यायचा नारळ. खिडकीशी येऊन त्यानं भाऊजींना नमस्कार केला.

"मोरूशेट, होडी सोडायच्या आदी राखनाऱ्याचा मान ऱ्हायला."

"किती द्यायचे?"

"पैशे नाय. राखनारा एक शबूद मागतो. मालक देतो. मंगच होडी हलते. रिवाज हाय."

"असला रिवाज मी कधी ऐकला नाही."

"तुमी आकराव्या वरसी गाव सोडलंत," तात्या शांतपणे म्हणाला.

भाऊजींनी कुंपणाकडे बघितलं. तात्याची बायको भागीरथी, तिच्या जावा, वाडीतल्या सगळ्या म्हाताऱ्या. एकजात माना डोलवत होत्या. "हाय हाय. पूर्वीपासनं हाय."

"बरं, काय शब्द मागतोस?"

मला वाटलं, हा गाडीत बसायला मागणार. उभ्या जन्मात तात्या खासगी गाडीत बसला नव्हता.

"मास्तरांच्या कागदावर सही."

परड्यात नुसती मांजरं बोलत होती. भाऊजींचं तोंड लाल झालं. "हा सरळ सरळ—"

"रिवाज हाय," तात्या म्हणाला. "मोडायचा आसंल तर मोडा. पन मंग पुनवेच्या दिशी आमी हात नाय लावनार. उद्या बगू."

"उद्या?" गाडीच्या आतून, पदराच्या आडून जाऊबाईंचा आवाज आला. "अहो, करा ती सही! हा वास मी उद्यापर्यंत घेणार नाही. तुमचीही गाडी धड आहे, त्यांचाही कागद होऊ दे. करा आणि चला इथून!"

भाऊजी उतरले. कागद बॉनेटवर ठेवला, दिलेल्या शब्दाप्रमाणेच. सही केली. कागदाच्या खालच्या कोपऱ्यात तेलाचा डाग पडला, तो अजून आहे. तलाठ्यानं तो कागद घेताना आधी खिडकी उघडली होती.

"हैस्सा!" तात्यानं आरोळी दिली, आणि फियाट चिखलातून अशी उठली, जणू लाटेवर घेतलेली होडीच. रस्त्यावर टेकल्यावर माणसं तिला सोडून नाचत दर्याकडे गेली. त्या दिवशी तात्यानं दर्याला एक नारळ दिला, आणि मागे वळून, पोराच्या हातातून घेऊन, आणखी एक. मी बघितलं, पण आनंदात माणूस मोजदाद सोडतो.

पुढच्या वैशाखात परड्यात आमच्या दोन खोल्या झाल्या. सुमीचा खोकला पहिल्या दिवाळीतच गेला. भाऊजींनी ती गाडी आणखी नऊ वर्षं चालवली. तीत जाऊबाई मात्र पुन्हा बसल्या नाहीत. पावसाळी हवा सुटली की वास परत यायचा म्हणे.

सहीच्या त्या श्रावणापासूनच अकरा माडांची मोजदाद माझ्याकडे आली होती. घडानघड लिहिलेला असायचा. आणि दर श्रावणात, पुनवेच्या अलीकडे-पलीकडे, एक नारळ कमी भरायचा. मी माड चढणाऱ्यावर संशय घेतला. मग माकडांवर. एक वर्ष ह्यांच्यावर. त्याच पुनवेला, माझ्या डोळ्यांसमोर, धाकूतात्या दर्याला दोन नारळ द्यायचा. मला वाटायचं, एक मुलांच्या होडीचा असेल.

पंधराव्या वर्षी त्यानं एकच दिला. तेव्हा तो पंच्याऐंशीचा होता, नातवाचा खांदा धरून आला होता.

"काय तात्या, नारळ महागले का?" मी चिडवलं.

"फिटलं," तो म्हणाला.

"काय फिटलं?"

वाळूत बसला, दम घेतला. "तुजी कागदं तेरा. तेरा खोटी. पुनवेपत्तोर बांदून ठेवली मी, म्हनून तुला लिवावी लागली. आनि एक माजा रिवाज."

"रिवाज? म्हणजे... तो मान... राखणाऱ्याचा शब्द?"

"कोन देतो गो बाय राखनाऱ्याला शबूद? वर्साची भाताची पायली देतात, तीबी रडत." खोकत खोकत हसला. "पुनवेच्या दिशी दर्याम्होरं खोटं बोललो. तवाच ठरवलं, वर्साला एक. तेरा आनि एक, चौदा. दिले समदे."

वाडीतल्या म्हाताऱ्यांच्या त्या डोलणाऱ्या माना एकेक करून आठवल्या. सगळ्यांना ठाऊक होतं, मी आणि भाऊजी सोडून.

"तात्या," मी शेवटी म्हटलं, "माझी पापं तुम्ही फेडलीत. चौदा वर्षं. निदान नारळांचे तरी—"

"नारळ?" तात्यानं चमकून माझ्याकडे बघितलं. "नारळ तुज्याच माडाचे की. कुंपनाकडचा तिसरा. तुजं खोटं, मंग नारळ काय मी इकत आनू?"

घरी येऊन मी जुनी वही काढली. चौदा श्रावण, चौदा नारळ, प्रत्येकासमोर प्रश्नचिन्ह. सगळी प्रश्नचिन्हं खोडली आणि एकाखाली एक लिहीत गेले : कुमुद, कुमुद, कुमुद. तेरा वेळा. चौदाव्यासमोर लिहिलं : धाकूतात्या, एक नारळ, मयेकरांकडून भेट.